भरिताच्या दिवशीची घुरघुर

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमचा रेकॉर्ड प्लेअर घुरघुरू लागला. त्या दिवशी घरी भरीत होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कोणासही वाटले नाही. मला तर मुळीच वाटले नाही. आणि माझ्याखेरीज दुसऱ्या कोणास वाटण्याचे कारणही नव्हते.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता आहे. पाणी वरून खाली येते, या एका तत्त्वावर मी चौतीस वर्षे नोकरी केली. ते तत्त्व कधी खोटे पडले नाही. (पाणी पुष्कळदा आले नाही, पण आले तेव्हा वरूनच आले.) यंत्रांविषयी माझी मते याच शिस्तीतली आहेत. चालते ते बदलू नये. बंद पडले तर आधी दुरुस्त करावे. यावर माझा मुलगा हेमंत पुण्याहून हसतो.

त्या शनिवारी तो समोर येऊन हसला. सोबत एक खोके आणले होते. खोक्यात काळी, तळहाताएवढी, सुबक पेटी होती.

"बाबा, हा नवीन फोनो प्रीअ‍ॅम्प. तुमचा तो डबा आता काढून टाका."

ज्यांच्या घरी तबकड्या वाजत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तबकडीवरच्या सुईतून निघणारा आवाज इतका दुबळा असतो, की मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला तो ऐकूच येत नाही. मध्ये कोणीतरी तो उचलून, नीटनेटका करून पुढे द्यावा लागतो. ते काम प्रीअ‍ॅम्प करतो. आमच्याकडे हे काम चाळीस वर्षे एक स्टीलचा डबा करीत आहे. होय, डबा! आत सर्व जोडकाम भुसावळच्या तायडे नानांनी स्वतःच्या हाताने केलेले. नाना रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. आमची मैत्री त्या डब्याइतकीच जुनी आहे, आणि त्या डब्याप्रमाणेच तिच्याविषयी आम्ही कधी बोललो नाही.

"त्याला काय झाले आहे?" मी विचारले.

"काही झालं नाही, पण होईल ना! चाळीस वर्षं झाली. नवीन पेटी दहा दिवसांत परत करता येते, त्यातले आठ गेले. तुम्ही उद्या ठरवा."

"उद्या नाना येणार आहेत. धुळ्याहून अक्का येणार आहे. त्यांच्यादेखत डबा ऐकवतो. मग बोल."

एवढे बोलून मी झोपावयास गेलो. मनात एकच गोष्ट होती. नाना जेवायला येणार, आणि त्यांचा डबा काढून खिडकीत ठेवलेला पाहणार, असे माझ्या घरात घडणार नाही. (हे मी मोठ्याने म्हटले नाही. असल्या गोष्टी मी मोठ्याने म्हणत नाही.)

रविवारी सकाळी सात वाजता मी डब्याच्या बाजूने तयारी सुरू केली. रेकॉर्ड प्लेअरचे कपाट पुढे ओढले. मागची धूळ, जळमटे व निरुपयोगी वस्तू काढून टाकल्या. त्या कपाटामागे हात घालण्याचा अधिकार घरात फक्त मला आहे. इतक्यात जिन्यातून पत्नीची, सुमनची, हाक आली.

"अहो, मोळी सुटली! सगळ्या काड्या जिन्यात सांडल्यात!"

भरिताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजावी लागतात. गॅसवर भाजलेल्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत, उकड म्हणतात. आणि म्हणताना चेहराही तसाच करतात. आदल्या दिवशी असोद्याहून मी वांगी व मोळी स्कूटरवर आणली होती. गच्चीवर नेताना सुतळी तुटली. मी हाताशी होती त्या तारेने मोळी पुन्हा आवळली आणि तीन गाठी मारल्या. माझी गाठ सुटत नाही. खात्यात प्रसिद्ध होती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी, हेमंतला खुर्चीवर बसवून, मी तबकडीवर सुई ठेवली.

घुर्रर्रर्र!

गाणे होते. पण गाणारी बाई एखाद्या पिठाच्या गिरणीत उभी राहून, पट्टा चालू असताना, आपली व्यथा सांगत असावी तसे होते.

हेमंतने पाय लांब केले. "गेला, बाबा. डबा गेला."

"काल चालू होता."

"सगळे कालपर्यंत चालू असतात. मागच्या वायरी नीट आहेत ना?"

"मी स्वतः पाहिल्या आहेत," मी म्हणालो.

हे वाक्य मी त्या दिवशी एकूण चार वेळा बोललो. प्रत्येक वेळी घरातली सर्व माणसे गप्प बसली. आवाजात जरब असण्याचा तोटा तो हाच.

साडेदहाला तायडे नाना आले. मी फोनवर फक्त "डबा घुरघुरतो" एवढेच सांगितले होते. डॉक्टरने पिशवी घेऊन यावे तसे ते डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, कलम, कथील आणि कपॅसिटरांची पुडी घेऊन आले. चहा नको म्हणाले. डबा जेवणाच्या टेबलावर मागवला, झाकण काढले, आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"वसंतराव, कपॅसिटर म्हातारे झालेत. हे चार बदलू, आवाज पहिल्यापेक्षा चांगला होईल."

"नानाकाका," हेमंत म्हणाला, "एवढं सगळं बदलायचं तर मग नवीनच का नको?"

नानांनी चष्म्यावरून पाहिले. "तुझ्या बाबांचा गुडघा बदलला तेव्हा तू नवीन बाबा आणले का रे?"

"मी विचारलं होतं," आतून सुमन म्हणाली. "दुकानदार परत घेत नाही म्हणाला!"

नानांनी डाग द्यायला सुरुवात केली. त्यांचा हात आता थोडा हलतो. कथिलाचा एक थेंब टेबलावरच्या कशिदा काढलेल्या कापडावर पडला व तेथे कायमचा राहिला. नाना थांबले. हाताकडे पाहू लागले. मी टॉर्च धरला होता, तो जवळ नेला. टॉर्चही थोडा हलत होता. बॅटरी उतरली असावी.

पाऊण तासाने चारही कपॅसिटर बसले. डबा मी स्वतःच कपाटामागे नेऊन जोडला. "पाठीमागे एकदा बघू का?" असे नाना म्हणाले. "मी स्वतः पाहिले आहे," असे मी म्हणालो. सुई ठेवली.

घुर्रर्रर्रर्र!! आता गिरणीत दोन पट्टे चालू होते.

नानांनी कपॅसिटरांची पुडी बांधली. हात पुसायला न्हाणीघरात गेले आणि आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ तेथे राहिले.

ही संधी साधून हेमंतने काळी पेटी पुढे केली. मी ती घेतली, कपाटामागे वाकलो, जोडली.

"बाबा, त्याला एक स्क्रू आहे बघा मागे. तो रिकामाच राहतोय."

"प्रत्येक यंत्रात एक स्क्रू जास्तीचा असतो," मी म्हणालो. (असे मी का म्हणालो, याचा मी अद्याप विचार करीत आहे.)

सुई ठेवली. घुर्रर्र! हीसुद्धा घुरघुरली! नव्या पेटीची घुरघुर अधिक स्पष्ट होती, एवढाच काय तो फरक.

येथून पुढे हेमंतचा तोल गेला. केबल खराब आहे म्हणाला, बदलली. अ‍ॅम्प्लिफायर म्हणाला, पाच ठिकाणी थापट्या मारल्या. नंतर घरातल्या विजेवर आला. फ्रिज बंद केला. सुमन भरितासाठी शेंगदाणे मिक्सरवर फिरवीत होती, तो बंद केला. तिने शेंगदाण्यांसह त्याच्या मागे येऊन निषेध नोंदवला. मग पंखे, मग वायफाय, मग शेजारच्या वाणी वहिनींना त्यांची पाण्याची मोटार बंद करायला लावली. त्या डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत गॅलरीत आल्या व काय बोलल्या ते येथे देत नाही. अखेर त्याने मेन स्विचच खाली ओढला.

घुरघुर पूर्ण थांबली.

"बघा!" हेमंत ओरडला. "सापडलं!"

"रेकॉर्डपण थांबली रे," न्हाणीघरातून बाहेर येत नाना शांतपणे म्हणाले.

साडेबारा वाजले. वांगी भाजणे हे घरात माझे काम आहे, म्हणून मी गच्चीवर गेलो. मोळीची गाठ सुटेना. (माझी होती!) दहा मिनिटे झगडलो आणि शेवटी मोळी आहे तशीच आडवी ठेवून पेटवली. वर तेल लावलेली नऊ वांगी मांडली. ज्वाळा उत्तम होती. तेथे थोडा वेगळा वास आला. तो मी हवेच्या माथी मारला व खाली आलो.

खाली अक्का आली होती.

अक्का माझी थोरली बहीण. वय ब्याऐंशी. धुळ्याहून एस.टी.ने एकटी येते आणि कंडक्टरला वाटेत दोनदा तरी सुधारते. घरात आम्ही दोघे अहिराणीतच वाढलो. मी नोकरीत ती सोडली. अक्काने सोडली नाही, आणि मी सोडली याचे तिला आजतागायत हसू येते.

"काय रे वसंता, हाऊ घुर्र घुर्र आवाज कसाना शे? घरमा गिरनी टाकी का काय?"

"प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष उद्भवला आहे, अक्का."

"उद्भवला!" ती सुमनकडे वळली. "देख व, कसा बोलस! जसा कलेक्टर शे!"

हेमंतने सर्व प्रकरण तिच्यापुढे मांडले. डबा की पेटी? अक्का, तुम्ही सांगा. आता नानांनी स्वतःहून डबा पुन्हा जोडायला लावला. एकदा शेवटचे ऐकू, म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. चाळीस वर्षांत त्यांनी "शेवटचे" हा शब्द माझ्यासमोर वापरलेला मला आठवत नाही. मी जोडला आणि प्लेअरशेजारी कपाटावर ठेवला. घुर्रर्र सुरू झाली. निकाल लागल्यात जमा होता.

अक्का मात्र गाणे ऐकत नव्हती. ती डब्याकडे पाहत होती. मग खुर्चीतून उठली, कपाटाशी आली, डबा दोन्ही हातांनी उचलून तिरपा केला, आणि त्याचा तळ डोळ्यांजवळ नेला.

स्टीलच्या भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची रीत किती घातक आहे, हे मला त्या क्षणी कळले.

"सौ. कमलबाई!" अक्काने मोठ्याने वाचले. "हाऊ डबा मना शे! मना लाडूना डबा!"

खोलीत फक्त घुरघुर राहिली.

"वसंतराव," नाना हळूच म्हणाले, "तुम्ही तर म्हणाले होते, बाजारातून आणला."

"धुळ्याच्या बाजाराजवळच अक्काचे घर होते," मी म्हणालो. "डबा फळीवर रिकामा दिसला. रिकामी वस्तू पडून राहू नये."

"रिकामा दिसला!" अक्का कडाडली. "चाळीस वरीस मी नणंदनं नाव लिधं! तिना घर जाऊ तं तिना फळीवरना डबा मोजू! आन मना डबा आठे गाणा म्हनी राहिना!"

एवढे बोलताना तिचा गुडघा लचकला. एका हातात डबा घट्ट होता (तो ती सोडणे शक्यच नव्हते). तोल सावरायला तिने दुसरा हात रेकॉर्ड प्लेअरच्या पत्र्यावर टेकला.

आणि घुरघुर थांबली.

दुसऱ्या क्षणाला खोलीत फक्त गाणे होते. स्वच्छ, धुतल्यासारखे. मागची तबल्याची थाप, गाणाऱ्या बाईने मध्येच घेतलेला श्वास, सगळे. इतके चांगले तर ते आदल्या दिवशीही वाजले नव्हते. नानांचे चार कपॅसिटर वाजत होते.

"अक्का, हलू नका!" नाना ओरडले.

"करंट बसेल हो!" सुमन ओरडली.

"काब्रं नको हलू? मना डबा शे!" अक्का ओरडली, आणि दाखवण्यासाठी पत्र्यावरचा हात उचलून माझ्याकडे रोखला. घुर्रर्र!

हात ठेवला, गाणे. उचलला, गिरणी. ठेवला, गाणे. हेमंतने काळी पेटी आणून तीच परीक्षा घेतली. अक्काचा एक हात पेटीवर, दुसरा पत्र्यावर. तीही स्वच्छ वाजली!

"मग अक्कांनाच ठेवून घेऊ या," सुमन म्हणाली. "दोन्हींपेक्षा चांगल्या चालताहेत."

"मी काय खांबा शे का?" अक्का म्हणाली, पण हात काढला नाही. गाणे तिला आवडत होते.

नाना मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होते.

"वसंतराव, प्लेअरच्या पाठीतून एक बारीक हिरवी तार येत होती. डब्याच्या स्क्रूला मी स्वतः आवळली होती. अर्थिंगची. ती नसली की घुरघुरतं. अक्कांचा हात आता तिचंच काम करतोय. ती तार कुठंय?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. "मी स्वतः पाहिले आहे," हे वाक्य पाचव्यांदा बोलण्यासाठी मी तोंड उघडले होते. ते मिटले.

वस्तुस्थिती अशी होती. सकाळी साफसफाई करताना मी कपाटामागे तीन तारा पाहिल्या. दोन जाड, एक बारीक. त्यावर शांतपणे विचार केला. माणसाला कान दोन. आवाज नेणाऱ्या तारा दोन. ही तिसरी काहीच नेत नाही. ज्या चारीतून पाणी जात नाही ती चारी बुजवावी, हा खात्याचा नियम. मी दोन्ही स्क्रू ढिले केले, तार काढली, आणि हातात घेऊन उभा होतो. तोच जिन्यातून हाक आली की मोळी सुटली.

"अहो," सुमन म्हणाली. तिला आमच्या लग्नाच्या छप्पन्न वर्षांत माझा चेहरा वाचण्याची सवय झाली आहे. "मोळी कशानं बांधली होती तुम्ही?"

मी चपला घातल्या. जिन्याकडे गेलो. पाठोपाठ सगळे आले. अक्काही आली, डबा काखेत घेऊन. हेमंतला जेमतेम तिच्यामागे धावत वायरी सोडवता आल्या.

गच्चीवर नऊ वांगी उत्कृष्ट भाजली होती. त्यांच्या मधोमध, निखाऱ्यांत, तारेचे वेटोळे लाल होऊन पडले होते. वरचे हिरवे आवरण वितळून, धूर होऊन, सर्व नऊ वांग्यांत समान वाटले गेले होते. सुमनने एक वांगे चिमट्याने उचलून हुंगले व नानांपुढे धरले.

"विजेच्या दुकानासारखा वास येतोय," नाना म्हणाले. "चांगल्या कंपनीची तार होती."

"भरीतमा तार!" अक्का कठड्याला टेकली. "काय इंजिनेर शे रे तू! तुना धरनले गळती कशी नही लागनी?"

लागली होती. पण तो विषय तेथे काढण्याचे प्रयोजन नव्हते.

नऊही वांगी फेकली. कांद्याची पात, मिरच्या, कुटण्यासाठी धुऊन ठेवलेली लाकडी बडगी, सर्व तसेच राहिले. खानदेशात भरिताला बोलावून भरीत न वाढणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. सुमनने तासाभरात शेवभाजी केली. पण अक्काने ताटाला हात लावला नाही.

"पहिले नणंदले फोन लाव. मंग जेवन."

अक्काची नणंद शिरपूरला असते. वय सत्त्याहत्तर, ऐकायला कमी येते. त्यामुळे मला कबुलीजबाब तीन वेळा, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्या आवाजात द्यावा लागला. तिसऱ्या वेळी वाणी वहिनी पुन्हा गॅलरीत आल्या. या वेळी डोके धुतलेले होते.

"डबा मी चोरला होता!" मी ओरडलो.

या वेळी पलीकडे ऐकू गेले. मग नणंदबाई म्हणाल्या, "माले ठाऊक व्हतं. पन कमलवहिनी दर दिवाळीले मना घर डबा मोजाले ये, ते बरं वाटे. आते काय निमित्तनं येई ती?"

अक्काने फोन माझ्या हातातून घेतला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकले नाही. शेवभाजी दोनदा गरम करावी लागली.

जेवणानंतर निकाल झाला. नानांनी काळी पेटी उघडून भिंगातून पाहिली. "चांगली आहे रे, हेमंत. खरंच चांगली," असे ते मोकळेपणाने म्हणाले. त्यावर हेमंतने पेटी खोक्यात भरली. "डबाच राहू द्या," म्हणाला. पण परत करावीशी त्याला वाटेना. तो ती पुण्याला घेऊन गेला. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. त्यामुळे तेथे ती अजिबात घुरघुरत नाही. अक्का डबा ठेवून जायला तयार झाली. अट एकच: दर दिवाळीला तिच्याकडे तेवढ्याच मापाचा डबा लाडवांनी भरून पोहोचवायचा, आणि तो मीच न्यायचा, एस.टी.ने.

नाना निघताना दारात थांबले. काहीतरी बोलावे असे दोघांनाही वाटत होते.

"कपॅसिटर टिकतील," ते म्हणाले.

"टिकावेत," मी म्हणालो.

सायंकाळी सहाला घर रिकामे झाल्यावर मी गच्चीवर गेलो, राखेतून तार काढली, पॉलिश पेपरने तांबे दिसेपर्यंत घासली आणि कपाटामागे वाकून दोन्ही स्क्रूंखाली घट्ट आवळली. घुरघुर नव्हती. मग एका कागदी पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: "ही तार काढू नये." पट्टी चिकटवली. थोडा विचार केला, पेन पुन्हा उघडले आणि खाली माझे संपूर्ण नाव, हुद्द्यासह लिहिले. सूचना देणाऱ्याचे म्हणून नव्हे. ती कोणासाठी आहे याविषयी घरात गैरसमज राहू नये म्हणून.